डेन्मार्कचे नऊ दिवस आणि बहिणीच्या बागेतला हेजहॉग

दिवस १, शनिवार ३१ ऑगस्ट २०२४

मिरज, मुंबई, दोहा, कोपनहेगन. घरातून निघाल्यापासून एकोणतीस तासांनी पोचले. केबिन बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळलेली वीतभर शाडूची मूर्ती होती, तीन ठिकाणी सिक्युरिटीवाल्यांनी उघडून बघितली आणि तिन्ही ठिकाणी नीट परत गुंडाळून दिली. धाकटी आणि भाची घ्यायला आल्या होत्या. भाची नऊ वर्षांची, मराठी छान बोलते, फक्त मधेमधे डॅनिश शब्द घुसतात आणि तिला ते कळतही नाही.

बहिणीचं घर लिंगबीला, कोपनहेगनच्या उत्तरेला, लोकल ट्रेनने वीस-पंचवीस मिनिटं. मागे छोटीशी बाग, सफरचंदाचं एक झाड, कोपऱ्यात पाल्यापाचोळ्याचा ढीग. भाचीने चप्पलही काढू दिली नाही, आधी तो ढीग दाखवला. "मावशी, इथे आमचं पिंडस्विन राहतं." पिंड म्हणजे काटकी आणि स्विन म्हणजे डुक्कर, म्हणजे हेजहॉग, अंगभर काटे असलेला छोटा प्राणी. आपल्याकडे गुजरात-राजस्थानच्या कोरड्या भागात याचे भाऊबंद आहेत पण मी कधी बघितलेले नाहीत, आमच्याकडे काटे म्हटलं की साळिंदरच आठवतं.

रात्री वाट बघता बघता मला सोफ्यावरच झोप लागली. तो आला की नाही माहीत नाही.

दिवस २, रविवार १ सप्टेंबर

दिवसभर काही केलं नाही. भात-आमटी खाल्ली, झोपले, संध्याकाळी तळ्याकाठी चालून आलो. शेजारी एक आजी एकट्याच राहतात, पंचाहत्तरच्या पुढच्या असतील, कुंपणापलीकडून त्यांनी सफरचंदाच्या जॅमची बाटली दिली आणि इंग्रजीत विचारलं की तुम्ही काय करता. मी म्हटलं मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये आहे, तेवीस वर्षं झाली, पू, लघवी, रक्त, थुंकी जे येईल त्याचं कल्चर लावायचं आणि कुठल्या औषधाने जंतू मरतो ते बघून रिपोर्ट द्यायचा.

साडेआठपर्यंत अंधार पडला. आम्ही तिघी मागच्या पायरीवर बसलो, दिवा बंद करून. आधी आवाज आला, सुका पाला कुणीतरी चमच्याने ढवळतंय असा, मग फुसफुस, मग ढिगाऱ्यातून एक तोंड बाहेर आलं, ओलं नाक सारखं हलत असलेलं. नारळाएवढा असेल. चालताना वाटतं त्यापेक्षा पाय लांब असतात त्याला. वाटीतलं मांजराचं खाणं त्याने मचमच आवाज करत खाल्लं (दूध द्यायचं नाही, त्याला पचत नाही, हे भाचीने मला दोनदा सांगितलं) आणि मग आमच्यापासून हातभर अंतरावरून निघून गेला.

भाचीने माझा हात घट्ट धरला होता. आणि मी बघत होते त्याच्या नाकाकडे.

कारण मला ते नाक माहीत होतं. म्हणजे वाचून माहीत होतं. २०१९ साली इथल्याच लोकांचा एक अभ्यास छापून आला, १८८ डॅनिश हेजहॉगच्या नाकाचे स्वॅब तपासले आणि ६१ टक्क्यांमध्ये एमआरएसए सापडला. एमआरएसए म्हणजे पेनिसिलिनच्या सगळ्या घराण्याला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस. ज्यांच्या घरात कुणाला हॉस्पिटलमध्ये हा झालाय त्यांना नाव वेगळं सांगायला नको.

आमच्या घरात झाला होता. आबांना, २०१६ साली. शुगर होती, पायाच्या अंगठ्याला जखम झाली, त्यांनी आम्हाला न सांगता दोन-तीन महिने मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या, तीन दिवस एक, मग बरं वाटलं की बंद, मग परत दुसरी. आमच्यापर्यंत आलं तेव्हा अंगठा काळा पडला होता. पू माझ्याच टेबलावर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी जंतू वाढवलेली प्लेट मीच उघडली. सेफॉक्झिटिन हे औषध लावलेल्या कागदी डिस्कभोवती मोकळा गोल पडायला हवा, बावीस मिलिमीटर किंवा जास्त, तर औषधं चालतील असं धरतात. गोल नव्हताच. जंतू डिस्कच्या कडेपर्यंत वाढले होते. खाली इरिथ्रोमायसिन नाही, सिप्रो नाही, जेंटामायसिन नाही, ओळीने आर आर आर (रेझिस्टंट, म्हणजे औषध चालणार नाही) लिहीत गेले. पाय गुडघ्याखाली काढावा लागला, पुढच्या वर्षी आबा गेले.

म्हणून तो हेजहॉग चालत येत होता तेव्हा मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. राग नव्हता. ओळखीचं माणूस अनोळखी गावात दिसावं तसं काहीतरी.

भाची झोपल्यावर बहिणीला सांगितलं तर ती उठून उभीच राहिली. "ताई, आणि हे तू आत्ता सांगतेस? ही रोज त्याची वाटी धुते!" मग रात्री साडेअकरापर्यंत किचनमध्ये बसून मी तिला सगळं सांगितलं. तेच इथे लिहिते, कारण मला वाटतं हे आपल्याकडे लोकांना माहीत असायला हवं.

हेजहॉगवरचा एमआरएसए आबांना झालेल्याहून वेगळा आहे. हॉस्पिटलमधल्या नेहमीच्या एमआरएसएमध्ये मेक-ए नावाचं जीन (जनुक) असतं. हेजहॉगवरच्यात मेक-सी. हे दुसरं जीन जगाला कळलं २०११ साली, इंग्लंडमधल्या एका डेअरी फार्मच्या दुधात, केंब्रिजच्या मार्क होम्स यांच्या टीमला. डिस्कवर रेझिस्टंट दिसतोय पण मेक-ए शोधणारी पीसीआर टेस्ट निगेटिव्ह, असं कोडं होतं ते. लॅबमध्ये काम करणाऱ्याला हे वाचताना पोटात गोळा येतो, कारण नुसत्या पीसीआरवर विसंबून असता तर रिपोर्ट "सेन्सिटिव्ह", म्हणजे औषध चालेल, म्हणून गेला असता. मग लोकांनी जुने साठवलेले जंतू काढून बघितले तर डेन्मार्कमध्ये १९७५ सालच्या एका पेशंटमध्येही तोच निघाला.

आला कुठून तो? सगळ्यांना वाटलं गाईंना देतात त्या अँटिबायोटिक्समुळे. पण २०२२ च्या जानेवारीत 'नेचर'मध्ये जो पेपर आला त्याने हे उलटं केलं. डेन्मार्कची स्टेटन्स सीरम इन्स्टिट्यूट, केंब्रिज आणि बऱ्याच देशांतले लोक, त्यांनी युरोपातल्या दहा देशांतले आणि न्यूझीलंडचे हेजहॉग तपासले, जंतूंचे जीनोम वाचले, एकमेकांशी ताडून त्यांची वंशावळ मांडली आणि काळ मोजला. मेक-सीवाल्या जंतूंची मुळं निघाली १८०० च्या सुरुवातीच्या दशकांत. पेनिसिलिन फ्लेमिंगला दिसलं १९२८ मध्ये. मेथिसिलिन हे औषध बाजारात आलं १९५९ मध्ये. म्हणजे औषध यायच्या सव्वाशे-दीडशे वर्षं आधी त्या औषधाला न जुमानणारा जंतू हेजहॉगच्या अंगावर बसलेला होता.

"पण औषधच नव्हतं तर कशाला न जुमानणारा?" बहिणीने बरोबर प्रश्न विचारला.

औषध होतं. हेजहॉगच्या कातडीवरच होतं. त्याला एक गजकर्णाची बुरशी होते, आपल्याला मांडीत-कमरेला होते त्याच घराण्यातली, ट्रायकोफायटॉन एरिनासिआय. ही बुरशी कातडीवर हातपाय पसरताना स्वतः पेनिसिलिनच्या जातीची दोन औषधं तयार करते. तिच्या शेजारी त्याच कातडीवर राहणाऱ्या स्टॅफिलोकोकसला, म्हणजे स्टॅफला, मग दोनच मार्ग, मरायचं किंवा टिकायची युक्ती शोधायची. ज्यांच्याकडे मेक-सी आलं ते टिकले. माणसाचा संबंधच नाही कुठे. न्यूझीलंडमध्ये दोन संशोधकांनी १९६४ मध्येच लिहून ठेवलं होतं की हेजहॉगवर पेनिसिलिनला न जुमानणारे स्टॅफ आहेत आणि त्याच हेजहॉगवरची बुरशी पेनिसिलिनसारखं काहीतरी बनवते. जवळजवळ साठ वर्षं तो धागा तसाच पडून राहिला!

बहीण म्हणाली, मग वाटी? म्हटलं वाटी चालू ठेव, धुताना हातमोजे आणि नंतर साबण, त्याला उचलायचं नाही, बास. इंग्लंडमध्ये सुद्धा माणसांना होणाऱ्या एमआरएसएमध्ये मेक-सीवाला साधारण दोनशेत एक, आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, हेजहॉगचा जंतू पेनिसिलिनच्या घराण्यालाच अडतो, बाकी बहुतेक औषधांनी तो मरतो. त्याचा रिपोर्ट लिहिला तर वर आर आर आणि खाली सगळे एस एस एस (सेन्सिटिव्ह). आबांचा खालीही आर होता. ते खालचे आर आपण घातलेत.

दिवस ३, सोमवार २ सप्टेंबर

बहीण ऑफिसला, भाची शाळेत, मी एकटी शहरात. लोक लिटल मर्मेडचा पुतळा बघायला जातात, मी गेले जुन्या म्युनिसिपल हॉस्पिटलच्या इमारतीला. १८६३ साली सुरू झालेलं, १९९९ ला बंद, आता तिथे युनिव्हर्सिटीचं कॅम्पस आहे, विटांच्या लांबलचक इमारती, सायकलींच्या रांगाच रांगा आणि हिरवळीवर पसरलेली पोरं. इथे १८७८ ते १८८५ च्या दरम्यान हान्स क्रिस्टियन ग्राम नावाचा तरुण डॉक्टर नोकरीला होता.

मायक्रोबायॉलॉजीवाल्यांना आता कळलं असेल. ग्राम पॉझिटिव्ह, ग्राम निगेटिव्ह, रंग देऊन जंतूंचे दोन गट पाडायची पद्धत. तो ग्राम! मी तेवीस वर्षं रोज सकाळी त्याचं नाव घेते. स्लाइडवर स्मिअर, जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोलने धुवायचं, मग लाल रंग. जांभळे राहिले ते पॉझिटिव्ह, लाल झाले ते निगेटिव्ह. त्याने हे शोधलं बर्लिनमध्ये, १८८४ साली, लाल रंगाची पायरी नंतर दुसऱ्यांनी जोडली. माणूस इतका सरळ की त्याच पेपरमध्ये लिहून ठेवलं, पद्धत अजून अपुरी आहे, दुसऱ्यांच्या हातात उपयोगी पडेल अशी आशा. एकशे चाळीस वर्षं झाली, मिरजेतल्या लॅबमध्ये अजून तीच चालते.

मी बाकावर बसून डबा खाल्ला, मेथीचे ठेपले. तिथल्या एका मुलीला विचारलं की ग्रामची पाटी वगैरे आहे का कुठे, तिला नाव माहीत नव्हतं, पण तिने माझ्यासोबत दहा मिनिटं शोधलं.

दुपारी आमागर भागात त्या स्टेटन्स सीरम इन्स्टिट्यूटच्या बाहेरून चक्कर मारली. १९०२ साली घटसर्पाचं सीरम बनवायला सुरू झालेली संस्था. आत जायचा प्रश्नच नव्हता, फाटकापाशी उभी राहिले, फोटो काढला, आमच्या लॅबच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांचे अंगठे आले.

दिवस ४, मंगळवार ३ सप्टेंबर

भाचीचा घसा दुखत होता, शाळा बुडवली, मी तिच्यासोबत डॉक्टरकडे. घशात काडी फिरवली, पाच-दहा मिनिटांत टेस्ट, स्ट्रेप (घशाला त्रास देणारा जंतू) नाही, घरी जा, पाणी प्या, आराम करा. गोळी एकही नाही. बहीण फोनवर वैतागली, "इथे हे असंच असतं ताई, कुणी काही देतच नाही." मी म्हटलं, अगं हे नशीब समज. संध्याकाळी पोरगी आईस्क्रीम मागत होती.

तिला बरं वाटतंय म्हटल्यावर दुपारनंतर न्यूहाउनला गेलो, रंगीत घरं, बोटी, फोटोतलं तेच. सीगल इतके धीट की एका माणसाच्या हातातला सँडविचचा अर्धा भाग घेऊनच गेला एक. भाची खूश. मी मात्र त्या सीगलकडे हेजहॉगकडे बघितलं तसं बघू शकले नाही.

कारण सीगलची गोष्ट उलटी आहे. बऱ्याच देशांत सीगलच्या विष्ठेत असे ई. कोलाय (आतड्यात राहणारे जंतू) सापडलेत की जे आपल्या हॉस्पिटलमधल्या इंजेक्शनांना दाद देत नाहीत. ईएसबीएल म्हणतो आम्ही त्यांना, रोज दिसतात, लघवीच्या कल्चरमध्ये तर सर्रास. सीगलने काही बुरशी पाळलेली नाही. तो कचऱ्याच्या डेपोवर खातो, सांडपाण्याच्या तोंडाशी खातो, आपल्या पोटातून आणि आपल्या गटारातून आलेलं त्याच्या पोटात जातं, मग तो उडतो. कुणाचं म्हणायचं हे? ज्या एन्झाइममुळे हे होतं त्यातल्या एका मोठ्या घराण्याचं नाव सीटीएक्स-एम, त्यातला एम म्यूनिकचा. माणसाच्या शहरांची नावं पडलीत त्यांना.

आणि आपल्या राजधानीचंही पडलंय. एनडीएम-१, न्यू दिल्ली. शेवटचा उपाय म्हणून देतात त्या कार्बापेनेम औषधांना निकामी करणारं जीन. २०१० मध्ये दिल्लीच्या उघड्या पाण्यात ते सापडलं. आणि २०१९ मध्ये एक पेपर आला, नॉर्वेच्या स्वालबार्डमधली, उत्तर ध्रुवाजवळची माती तपासली होती, २०१३ साली घेतलेली, आणि त्यात एनडीएम-१. जिथे औषधाचं दुकान नाही, शेती नाही. संशोधकांचा अंदाज, पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या विष्ठेतून आणि तिथे जाणाऱ्या माणसांमार्फत पोचलं असणार. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा लॅबमध्ये नाइट ड्यूटीला होते आणि मला खरंच रडू आलं होतं. बर्फातल्या मातीत आपल्या शहराचं नाव, आणि ते या कारणासाठी.

आमच्या सांगलीत शेरी नाला कृष्णेला मिळतो तिथे हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात. लहानपणी आबा सायकलवर न्यायचे बघायला. न्यूहाउनच्या कठड्यावर बसून मला तो नाला आठवत होता. त्या पक्ष्यांच्या पोटात काय असेल ते मला प्लेट न लावता सांगता येईल असं वाटतं, आणि तसं वाटणं मला आवडत नाही.

दिवस ५ आणि ६, बुधवार-गुरुवार ४-५ सप्टेंबर

सिल्केबोर्ग. हा हट्ट माझा. बहिणीने दोन दिवस रजा काढली, भाचीच्या शाळेत चिठ्ठी दिली. ट्रेनने तीन तासांच्या वर, मधे समुद्र लागतो, आधी पाण्याखालच्या बोगद्यातून आणि मग पुलावरून, भाचीने मिनिटं मोजली. पुढे शेतंच शेतं, सपाट, आणि लांब लांब बैठ्या शेड. डुकरांच्या. या देशात माणसं साठ लाखांच्या आसपास आणि डुकरं त्याहून कितीतरी जास्त, बाहेर एकही दिसत नाही, सगळी आत. या डुकरांमध्येही एक वेगळा एमआरएसए पसरलेला आहे, त्यामुळे इथे हॉस्पिटलमध्ये भरती होताना विचारतात की डुकरांच्या फार्मशी तुमचा संबंध आला का. एवढं सांगितल्यावर हेही सांगायला पाहिजे की याच देशाने १९९५ मध्ये जनावरांना लवकर वाढावीत म्हणून रोज थोडं थोडं द्यायचं एक अँटिबायोटिक बंद केलं, एव्होपार्सिन, आणि त्याच वर्षी डॅनमॅप सुरू केलं, माणूस, जनावर, मांस सगळ्यांतला रेझिस्टन्स एकत्र मोजायचा, दर वर्षी आकडे छापायचे. मोजतात म्हणून त्यांना कळतं. आपण २०१९ मध्ये जनावरांच्या खाद्यातलं कोलिस्टिन हे अँटिबायोटिक बंद केलं, तो निर्णय मोठा होता, मी त्या दिवशी लॅबमध्ये पेढे वाटले होते.

सिल्केबोर्गला जायचं कारण थोरवाल्ड. थोरवाल्ड हा हेजहॉग होता. डॉ. सोफी लुंड रासमुसेन, इथे त्यांना डॉक्टर हेजहॉगच म्हणतात, त्यांनी २०१६ मध्ये सगळ्या डेन्मार्कच्या लोकांना हाक दिली की मेलेला हेजहॉग दिसला तर आम्हाला आणून द्या. लोकांनी जवळजवळ ७०० आणून दिले. आपल्या शेजारच्या आजींनी पण एक दिला होता, रस्त्यावर गाडीखाली आलेला, पिशवीत घालून फ्रीजरमध्ये मटारांशेजारी ठेवला होता म्हणे आणि सुनेने बघितल्यावर बराच गोंधळ झाला. या मेलेल्या हेजहॉगच्या जबड्याच्या हाडाचे पातळ काप घेऊन रेघा मोजतात. हिवाळ्यात झोपला की हाडाची वाढ थांबते, एक रेघ पडते, झाडाच्या खोडासारखी. बहुतेक हेजहॉग दोन वर्षांच्या आसपास मेलेले निघाले. थोरवाल्डच्या रेघा सोळा! जगातला सगळ्यात म्हातारा माहीत असलेला हेजहॉग, सिल्केबोर्गजवळचा, शेवटी कुत्रा चावला म्हणून उपचाराला आणलेला होता तेव्हा गेला.

त्याची काही समाधी वगैरे नाही हे मला माहीत होतं. तरी त्या गावच्या बागांच्या कडेने संध्याकाळी चाललो आम्ही. एका अंगणात गवत कापणारा रोबो आपला आपण फिरत होता. रासमुसेन बाईंनी यावरही काम केलंय, मेलेले हेजहॉग ठेवून वेगवेगळे रोबो त्यांच्याकडे सोडून बघितले, काही मशिन्स त्यांना चांगलंच कापतात. हेजहॉग घाबरला की पळत नाही, गोळा होऊन बसतो, कोल्ह्यापुढे ते चालतं, पात्यापुढे नाही. भाचीने त्या घराची बेल वाजवायची म्हणून हट्ट धरला आणि खरंच वाजवली. दाराशी आलेल्या काकांना तिने डॅनिशमध्ये काय काय सांगितलं मला कळलं नाही पण ते आत गेले आणि रोबो थांबला.

दुसऱ्या दिवशी म्युझियममध्ये टोलुंड मॅन. १९५० साली दलदलीतून जळणासाठी पीट काढताना सापडलेला माणूस, इसवी सनापूर्वी चारशेच्या आसपासचा, गळ्यात कातडी दोर, डोळे मिटलेले, हनुवटीवर खुंट. डोकं खरं आहे, धड नंतर बनवलेलं. शेवटचं जेवण सातूची लापशी. भाची काचेपाशी गप्प उभी होती, मग हळूच म्हणाली, "मावशी, याच्यावर पण जंतू होते?" होते की. आणि त्यातले काही औषधांना न जुमानणारे असतील का? असू शकतील. कॅनडात युकॉनमध्ये तीस हजार वर्षं गोठलेल्या मातीतून डीएनए काढला, २०११ सालचं काम, तर त्यात पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, व्हँकोमायसिन यांना निकामी करणारी जीन्स मिळाली. मॅमथच्या काळातली माती.

मला काय म्हणायचंय ते त्या काचेपाशी उभं राहिल्यावर जरा सुटं झालं. बरेच जण म्हणतात, माझ्या लॅबमधल्या एका ज्युनिअरनेही म्हटलं होतं, की हे सगळं निसर्गात आधीपासून आहे ना मॅडम, मग आपण गोळ्या खाल्ल्या काय आणि न खाल्ल्या काय. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नव्हतं. आता देईन. आधीपासून आहे म्हणूनच तर जपून वागायचं. हेजहॉगच्या अंगावर दोनशे वर्षं मेक-सी आहे आणि तरी तो बहुतांशी हेजहॉगपाशीच राहिला, कारण बुरशी जेवढं औषध बनवते ते त्याच्या कातडीपुरतं. आपण औषध टनांनी बनवलं, गाईला, डुकराला, कोंबडीला, तापाला, सर्दीला, आबांच्या अंगठ्याला तीन तीन दिवस दिलं, आणि नाल्यात सोडलं. जंगलात असलेली ठिणगी वेगळी आणि गावभर रॉकेल शिंपडून ठेवणं वेगळं.

परतीच्या ट्रेनमध्ये दोघी माझ्या दोन खांद्यांवर झोपल्या होत्या.

दिवस ७, शुक्रवार ६ सप्टेंबर

गणपतीची तयारी. नारळ इराणी दुकानात मिळाले, केळीची पानं थाई दुकानात फ्रोझन. दूर्वा बागेतच असतील म्हणून बहीण निवांत होती, प्रत्यक्षात सगळं वेगळंच गवत, मग त्यातल्या त्यात तीन पात्यांचं दिसेल ते घेतलं. मखर भाचीने पुठ्ठ्याचं केलं.

दिवस ८, शनिवार ७ सप्टेंबर

सकाळी प्रतिष्ठापना, एकवीस मोदक, चार फुटले. संध्याकाळी आसपासची सात-आठ मराठी कुटुंबं आली, पुणे, नाशिक, लातूर, एक जोडपं मडगावचं. आरतीला शेजारच्या आजीही आल्या, त्यांनी टाळ वाजवला, ताल बरोबर होता.

जेवणं झाल्यावर बाहेर बसलो तर विषय निघालाच. एका ताईंचा मुलगा तीन वर्षांचा, त्यांना हेजहॉगचं कळल्यावर त्या एकदम म्हणाल्या, मग अशा प्राण्यांना बागेत येऊच देऊ नये. मला याचीच भीती होती. मी म्हटलं, ताई, त्याच्या नाकात जे आहे ते आपल्या आजोबा-पणजोबांच्या आधीपासून आहे आणि इतकी वर्षं इथल्या आज्या त्याला बशीत दूध घालत आल्या, चुकीचं होतं ते पण घालत आल्या. मुलाला हात लावू देऊ नका, हात धुवा, बास. घरात सर्दीला उरलेल्या अँटिबायोटिकची पाकिटं असतील, भारतातून येताना आणलेली, ती आधी दुकानात परत द्या, इथे मेडिकलवाले जुनी औषधं घेतात. गप्प झाले सगळे. मग लातूरचे एक काका म्हणाले, आमच्याकडे अर्धा डबा भरलाय. दुसऱ्या म्हणाल्या आमच्याकडेही. प्रत्येकाच्या घरी होता तो डबा, बहिणीच्या घरीसुद्धा, आणि त्यातली ॲझिथ्रोमायसिनची दोन पाकिटं मी स्वतः मागच्या खेपेला पाठवली होती. लॅबमध्ये असून. तेव्हा धाकटीची काळजी वाटली होती, परक्या देशात कुणी औषध देत नाही म्हणून. मी तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं.

साडेनऊला पाला वाजला. सगळे एकदम गप्प, बारा-पंधरा माणसं पायरीवर, खिडकीत, तीन वर्षांचा तो मुलगा आईच्या कडेवर. हेजहॉग आला, वाटीतलं खाल्लं. मांडवाखाली पडलेला मोदकाचा तुकडा हुंगला आणि सोडून दिला.

दिवस ९, रविवार ८ सप्टेंबर

दुपारचं विमान. बहिणीने डब्यातली सगळी पाकिटं एका पिशवीत भरून दाराशी ठेवली होती, सोमवारी देते म्हणाली. भाची एअरपोर्टवर रडली नाही, मी रडले.

परत आल्यावर पहिल्या सकाळी टेबलावर एकतीस प्लेट होत्या. ऑक्टोबरच्या शेवटी बातमी आली की आययूसीएनने, म्हणजे निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, युरोपातल्या या हेजहॉगला 'धोक्याच्या जवळ' या यादीत टाकलं, आधी तो निर्धास्त यादीत होता. रस्ते, शेतीतली औषधं, कुंपणं, तुटलेली राहायची जागा. मी भाचीला सांगितलं नव्हतं, तिला शाळेत कळलं.

नोव्हेंबरमध्ये तिचा व्हिडिओ कॉल आला. पाल्याच्या ढिगावर तिने अजून पाला घातलाय, वर फांद्या ठेवल्यात, हेजहॉग आत झोपलाय, आता एकदम एप्रिलमध्ये उठणार. कॅमेरा तिने ढिगाऱ्याकडे धरला, काही दिसत नव्हतं, अंधारच होता.

"मावशी, तो झोपल्यावर त्याच्या नाकातला जंतू पण झोपतो का?"

मी म्हटलं, थंडीत हळू होत असेल तोही.

"मग आपण हळू बोलूया," ती म्हणाली आणि बराच वेळ आम्ही दोघी हळू बोलत होतो.